चार इंचांची ढिलाई

‘त्या वेळी कटिंगला असलेल्या शालनबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता. मागणीपत्रावरचा ‘रिलॅक्स्ड’ हा शब्द त्यांना उमगला नाही, त्यांनी अंदाजाने कापड कापले आणि सगळे शर्ट ढगळ झाले. सुदैवाने मास्तरांसारखा जाणता माणूस आमच्याकडे होता. त्यांनी तो माल निस्तरला, म्हणून केंद्राची अब्रू वाचली.’

आमच्या शिवणकेंद्राचे माजी व्यवस्थापक वामनराव यांनी गेल्या दिवाळीत याच वार्षिकात लिहिलेल्या लेखातला हा उतारा मी जसाच्या तसा उतरवून घेतला आहे. त्यात ज्याला जाणता म्हटले आहे तो मास्तर मीच. उताऱ्यात माझी स्तुती आहे हे समजण्याइतकी बुद्धी मला अजून आहे. तरीही तो मला मान्य नाही. चार वाक्यांपैकी पहिले तेवढे खरे आहे, बाकीची तीन खोटी आहेत. आणि जे एक खरे आहे तेच वामनरावांना महागात पडणार आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख. माझ्या साऱ्या धंद्याची हकिकत सांगण्याचा माझा विचार नाही. केवळ एका विषयापुरते बोलतो. तो विषय म्हणजे ढिला कपडा.

बाहेरच्या माणसाला वाटते, कपडा दोनच प्रकारचा : मापात बसलेला आणि ढिला. माझ्याशी या मुद्द्यावर पुष्कळांनी वाद घातला आणि ते सगळे हरले. ढिलेपणा हा शिंप्याच्या हलगर्जीपणातून येतो हा समजच मुळात चुकीचा. तो मोजून घालावा लागतो. अंगाला टेप लावून जे माप निघते तेवढेच कापड कापले, तर माणूस त्या शर्टात उभा राहील, श्वास घेणार नाही. म्हणून अंगाच्या मापावर काही इंच अधिक धरायचे. त्याला आम्ही ढिलाई म्हणतो. ती किती धरायची आणि कुठे धरायची, यातच शिंपी आणि नुसता मशीन चालवणारा यांतला फरक.

हे मला कुठल्या संस्थेने शिकवले नाही. माझा जन्म हिर्डोशीचा, दुकान भोरच्या बाजारपेठेत. दुकान नवे असताना माझ्याच गावचे एक तात्या माझ्याकडे शर्ट परत घेऊन आले. मी मोठ्या तोऱ्यात अंगाबरोबर शिवलेला तो शर्ट, दोन्ही काखांत फाटलेला.

“मास्तर, उभा ऱ्हायलो तर बसतोय बगा,” तात्या म्हणाले. “पन भात लावाय वाकलो की फाटतोय. आता मी काय आवण उभ्यानं लावू व्हय?”

मी त्यांना दुकानातच वाकायला लावले, हात वर करायला लावले, उकिडवे बसवले आणि तिन्ही वेळा टेप लावला. छाती उभ्याने जेवढी होती त्याहून वाकल्यावर पाठ कितीतरी अधिक मागत होती. त्या दिवसापासून माझे सूत्र ठरले : माप अंगाचे, ढिलाई शिंप्याची. आमच्या डोंगराकडच्या प्रत्येक शिंप्याचे हेच सूत्र आहे आणि ते उत्तम आहे. पुढे जे घडले त्यानंतरही मी ते उत्तमच म्हणेन.

आता इंग्रजीकडे वळतो. महामार्गाच्या कडेला कारखाने आले, धरणांच्या काठाने शहरातल्या लोकांनी घरे बांधली, आणि माझ्याकडे तयार कपडे दुरुस्तीला येऊ लागले. त्यांच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्या असत आणि चिठ्ठ्यांवर शब्द. मी एक वही केली. चिठ्ठीवरचा शब्द तिच्यात उतरवायचा, कपडा टेबलावर पसरून मोजायचा, मग तो घालणाऱ्याचे अंग मोजायचे, आणि दोहोंतला फरक शब्दापुढे लिहायचा. शब्दकोश पाहणारे पाहोत. मी इंग्रजी टेपने शिकलो. 

त्या वहीतले थोडे सांगतो. ‘लूज’ म्हणजे आपला सैल. सगळीकडून सारखा, कुठलाही विचार नसलेला. ‘रिलॅक्स्ड’ म्हणजे ऐसपैस. अंगाला चिकटत नाही, पण अंगाचा आकारही सोडत नाही. शर्टाला छातीच्या घेरात चार इंच. ‘बॅगी’ला मराठीत ढगळ हा तंतोतंत शब्द आहे, बैठकीत आणि मांडीत कापड साचले पाहिजे, नाहीतर ती बॅगी नव्हे. ‘बॉक्सी’ खांद्यापासून खाली पेटीसारखा सरळ उतरतो, कंबर ओळखत नाही आणि लांबीला आखूड असतो. ‘फ्लेअर्ड’ वर बेतशीर आणि खाली घेरदार. ‘स्लाउची’चे खांदे असे पडलेले असतात की कपडाच आळसावला आहे असे वाटावे. आणि ‘फ्लोई’, म्हणजे झुळझुळीत, हे शिंप्याच्या हातात नसतेच; ते कापडाच्या अंगी असावे लागते. जाडाभरडा मांजरपाट घेऊन या आणि झुळझुळीत शिवा म्हणा, तर मी तुम्हाला शेजारच्या दुकानात पाठवीन.

या वहीच्या जोरावर मी भल्याभल्यांना गप्प केले. एक बँकेतले साहेब नवी पँट घेऊन आले आणि म्हणाले, कंपनीने फसवले, मांडीत सगळी ढिली आहे, आवळून द्या. मी चिठ्ठी वाचली आणि सांगितले, “साहेब, ही रिलॅक्स्ड आहे. ही आवळली तर तुम्ही पैसे दिलेत त्या वस्तूचाच खून होईल.” साहेब रागावले. पदवीधर माणसाला भोरचा शिंपी इंग्रजी सांगतो हे त्यांना सोसेना. ती पँट त्यांनी दुसरीकडे आवळून घेतली. पुढे ते बँकेच्या पायऱ्या चढताना दिसले तेव्हा एकेक पाय तिरका टाकून चढत होते. मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

दुसरा प्रसंग मार्गासनीच्या मायलेकींचा. मुलगी कॉलेजात जाणारी. तिला ‘ओव्हरसाइज’ शर्ट हवा होता. आईने कापड टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे तक्रार मांडली.

“हिला बापाचा सदरा घालायचाय जनू! मास्तर, एवढ्या कापडात दोन व्हत्यात. एक हिला शिवा, एक माज्या धाकटीला.”

“आई, तुला न्हाई कळत. फॅशन हाय ती.”

“फॅशन! तुजा आज्जा जलमभर ह्याच फॅशनीत हिंडला. त्याला कुनी फोटू काढाय न्हाई आलं.”

मी दोघींना थांबवले. ओव्हरसाइज म्हणजे मोठ्या माणसाचा शर्ट लहान अंगावर चढवणे नव्हे, हे मी त्यांना खडूने काढून दाखवले. खांदा मुद्दाम खाली उतरवायचा, घेर वाढवायचा, पण गळा मात्र हिच्याच मापाचा ठेवायचा. गळा मोठा झाला की मुलगी शर्टात हरवली, असे दिसते. गळा बरोबर असला की मुलीनेच तो शर्ट पसंत केला, असे दिसते. आईने त्या खडूच्या रेघांवर वीत टेकवून घेर मोजला. मग म्हणाली, “बरं, शिवा. पन उरलं सुरलं कापाड परत द्या.” तो शर्ट इतका चांगला झाला की पुढच्या महिन्यात त्याच बाईने धाकटीसाठीही तसाच शिवायला टाकला.

इतके सांगण्याचे कारण, माझा अहंकार कुठून आला हे वाचकांना कळावे. तो पोकळ नव्हता. भोर-वेल्हे या दोन तालुक्यांत ढिल्या कपड्याचे इंग्रजी माझ्याइतके कोणाला येत नव्हते, आणि हे विधान खोडून काढायला आजही कोणी पुढे यावे.

दुकान बंद केल्यावर शिवऱ्याच्या महिला शिवणकेंद्राने मला कटिंगमास्तर म्हणून बोलावले. शालन तिथे माझ्या हाताखाली होती. मार्गासनीच्या पुढच्या एका वाडीची, शेतकऱ्याघरची सून, आधी महामार्गावरच्या एका कपड्याच्या कारखान्यात काही वर्षे काढलेली. बोलणे कमी आणि हात स्वच्छ. कटिंगच्या टेबलावर कापडाचे थर पसरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने आखायचे आणि मशीनने कापायचे. फर्मा म्हणजे शर्टाच्या एकेका भागाचा साचा. फर्मा करणे माझे काम, आखणे आणि कापणे शालनचे. ही वाटणी ध्यानात ठेवावी. फर्मा एकदा चुकला की त्याखालचा प्रत्येक थर चुकतो आणि कापणाऱ्याचा हात कितीही सरळ असला तरी उपयोग नसतो.

माझी एक सवय होती. प्रत्येक फर्म्यावर मी पेन्सिलीने शब्द आणि ढिलाईचे इंच लिहीत असे, तेही इंग्रजी अक्षरांत. वामनराव पाहुण्यांना ते फर्मे दाखवत. “आमचे मास्तर बघा, सगळा व्यवहार इंग्रजीत,” असे म्हणत. मला ते आवडत असे. कशाला नाकारू?

मग पुण्याच्या एका व्यापाऱ्याची मोठी मागणी आली. लांब शर्ट, वर ठळक अक्षरांत ‘रिलॅक्स्ड फिट’, खाली मापांचा तक्ता. मधल्या आकाराची छाती चव्वेचाळीस. मी तक्ता वाचला, माझी वही आठवली आणि चव्वेचाळीसमध्ये चार मिळवले. घेरात चार, म्हणजे पुढच्या-मागच्या चारही पाखांना, अंगाच्या त्या चार उभ्या भागांना, एकेक इंच. फर्मा कापून टेबलावर ठेवला.

शालनने त्याला टेप लावला. मग तक्ता पाहिला. मग पुन्हा टेप लावला.

“मास्तर, ही छाती अठ्ठेचाळीस व्हतीय.”

“रिलॅक्स्ड आहे. चार इंच धरावेच लागतात.”

“तक्त्यात धरल्यात की ते. कारखान्याच्या कागदावर अंगाचं माप नसतंय, तयार शर्टाचं असतंय. ढिलाई आत घालूनच लिवत्यात.”

तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. शिंप्याच्या दुकानात समोर माणूस असतो, म्हणून आम्ही अंग मोजतो आणि ढिलाई वर घालतो. व्यापाऱ्याच्या तक्त्यामागे माणूसच नसतो. तिथे असतो तो तयार कपडा. सारा जन्म माणसे मोजणाऱ्याच्या हातून हीच चूक व्हायची. पण त्या क्षणी मला ऐकू आले ते एवढेच, की चौथीत शाळा सुटलेली बाई मला शब्दाचा अर्थ सांगते आहे.

“तुला वाचता येतो का तो शब्द?” मी विचारले.

“न्हाई.”

“मग?”

“आकड्यांना कुठं भाषा लागती, मास्तर?”

बाकीच्या बाया हसल्या. त्या तिच्या उत्तरावर हसल्या. मला वाटले, माझ्यावर. मी म्हणालो, “फर्मा मी केला आहे. तू काप.” तिने कापले.

माल तपासायला व्यापाऱ्याकडून एक तरुण बाई आल्या. त्यांनी पहिला शर्ट मोजला, दुसरा मोजला, पाचवा मोजला आणि टेप गुंडाळत म्हणाल्या, “सर, हे रिलॅक्स्ड नाही. हा तंबू आहे. यात मी आणि माझी बहीण दोघी राहू.” वामनरावांनी टेबलाकडे वळून विचारले, “कापलं कुणी?”

प्रश्न असा विचारला गेला. ‘फर्मा कुणाचा?’ असा नाही. शालन म्हणाली, “मी.” ते खरे होते. ती आणखी काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. ती माझ्याकडे पाहत होती. तीही वाट पाहत असावी. मी चष्मा पुसत राहिलो.

इथे माझ्या बचावाला जागा नाही आणि मी ती शोधणारही नाही. चूक माणसाकडून होते. ती मी लपवत नाही आणि तिची मला फारशी लाजही वाटत नाही. लाज त्या चष्मा पुसण्याची वाटते.

आता चौथ्या वाक्याचा समाचार. माल मी निस्तरला नाही. मी ते सगळे दिवस बाकावर बसून होतो. निस्तरला शालनने. ढिल्या कपड्याचे एक बरे असते, तो कमी करता येतो. आखूड झालेल्या कपड्याला देवही लांबवू शकत नाही. तिने बाह्या आणि कुशीच्या शिवणी उसवायला लावल्या, तक्त्याप्रमाणे स्वतः नवा फर्मा केला, उसवलेल्या पाखांवर ठेवला आणि एकेक इंच कापून काढला. तीन दिवस टेबलाभोवती त्या इंचभर रुंद पट्ट्यांचा ढीग वाढत होता. माल उशिरा गेला, पण गेला. व्यापाऱ्याने पुन्हा काम दिले नाही. त्याला उत्तर म्हणून वामनरावांनी शालनला कटिंगवरून काढून धागे कातरायला बसवले. माल वाचवणारा हात कोपऱ्यात गेला, आणि मी माझ्या टेबलावर निवृत्तीपर्यंत राहिलो.

कोणी म्हणेल, इतक्या वर्षांनी हे उकरायचे कशाला? कारण सांगतो. केंद्राला आता नवी कटिंगप्रमुख नेमायची आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत ते ठरेल. शालनने अर्ज केला आहे, आणि तिच्या अर्जापुढे वामनरावांचा लेख ठेवला गेला आहे. ‘तंबूवाली बाई’ असे तिला आजही म्हणतात.

मी केंद्राच्या अध्यक्षा सुमनताई यांच्याकडे स्वतः गेलो. झालेला प्रकार पहिल्यापासून सांगितला. त्यांनी मला चहा दिला, सगळे ऐकले आणि त्यांचे डोळे भरून आले.

“मास्तर, तुमचं मन लई मोठं,” त्या म्हणाल्या. “पन दुसऱ्याचं वझं आता ह्या वयात कशापायी उचलताय?”

“ओझे माझेच आहे, ताई.”

“आमाला का ठावं न्हाई? तुमाला न् रिलॅक्स्ड कळंना? आख्ख्या भोरात तुमच्यावाणी इंग्रजी कुनाला येत व्हतं?”

जन्मभर मिळवलेली कीर्ती माझ्याच छातीवर बसली. कबुली देणाऱ्याला लोक खोटारडा ठरवतात हे मी ऐकून होतो; कबुली देणाऱ्याला संत ठरवून गप्प करतात, हे मला नवे होते. मी तिथे आवाज चढवला. शब्द मला कळला नव्हता असे मी म्हणतच नाही, शब्द मला कळला होता म्हणूनच चूक झाली, असे टेबलावर हात आपटून सांगितले. त्यांनी मला आणखी एक चहा दिला.

तिथून शालनच्या घरी गेलो. ती नाचणी पाखडत होती. सूप खाली न ठेवताच तिने माझे ऐकले.

“मी लिहिणार आहे,” मी म्हणालो. “सगळे लिहिणार. तुझी माफीही त्यात मागणार.”

“माफी तुमच्यापाशीच ठेवा, मास्तर. मला टेबल पायजे.” मग सुपातला कोंडा उडवत म्हणाली, “आन् लिवताना इंग्रजी कमी घाला.”

तिची दुसरी सूचना मला पाळता आलेली नाही, हे वाचकांनी पाहिलेच आहे. पहिलीसाठी मी उभा आहे. माफी इथे मागत नाही. पुरावा देतो.

तिने माल निस्तरायला घेतला त्या सकाळी, टेबलावरचा जुना फर्मा मी उचलला आणि कोपऱ्यातल्या शेवटच्या खिळ्याला, लिहिलेली बाजू भिंतीकडे करून टांगला. पुठ्ठा आम्ही कधी टाकत नाही. गेल्या आठवड्यात शिवऱ्याला जाऊन पाहून आलो. तो तिथेच आहे, धुळीने भरलेला, तोंड भिंतीकडे. मी त्याला हात लावला नाही. सुमनताईंनी बैठकीच्या दिवशी, वामनरावांना शेजारी उभे करून, तो स्वतःच्या हाताने उलटावा. वामनरावांनी त्या वेळी आपल्या लेखातले पहिले वाक्य मोठ्याने वाचावे. ते खरे आहे, हे मी आरंभीच मान्य केले आहे. शालनला इंग्रजीचा गंध नव्हता. तिला ते ना वाचता येत होते, ना लिहिता. पगाराच्या कागदावरची तिची सही आजही मराठीत आहे.

त्या फर्म्यावर पेन्सिलीने ‘रिलॅक्स्ड, अधिक चार’ असे लिहिलेले आहे, आणि ते इंग्रजी अक्षरांत आहे.